सशांचा तह

“आता दोघांचीही ऑपरेशने झाली ना, मग सोडून द्या की एकत्र, कशाला बिचाऱ्यांना जाळीच्या अलीकडे-पलीकडे ठेवलेत?” असा प्रश्न गेल्या जानेवारीत आमच्या शेजारच्या काकूंनी मला विचारला. काकूंचा त्यात काही दोष नव्हता. शस्त्राने जे कापून काढायचे ते एकदा काढले की उरलेले सर्व आपोआप सुरळीत होते, ही समजूत आपणा सर्वांच्याच मनात इतकी खोल रुजलेली आहे की तिची उलटतपासणी करावी असे सहसा कोणाला वाटत नाही. मी त्यांना उत्तर दिले नाही, कारण आठच दिवसांपूर्वी मीही त्याच समजुतीने जाळीचे दार उघडले होते, आणि त्या समजुतीची किंमत आमच्या शेवंतीने चुकती केली होती. तिच्या डाव्या कानाच्या कडेला आजही हरभऱ्याच्या डाळीएवढी खाच आहे.

हकीकत अशी. त्याच्या आदल्या वर्षीच्या मे महिन्यात, भाचीच्या हट्टापायी, रविवारच्या बाजारातून आम्ही सशांची दोन पिल्ले आणली. विक्रेत्याने दोन्ही पिल्ले उताणी धरून, पोटाखालच्या लवेवर फुंकर मारून, ज्योतिष्याच्या गांभीर्याने “दोन्ही माद्याच साहेब, भांडायच्या नाहीत” असा दाखला दिला; आम्ही तो निमूटपणे ग्राह्य धरला आणि एकीचे नाव शेवंती व दुसरीचे जाई असे ठेवले. इतक्या कोवळ्या वयात सशाचे लिंग ओळखणे हे जाणत्यांनाही अवघड जाते, हे मला पुढे कळले. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका पहाटे चपलांच्या जुन्या खोक्यात, शेवंतीने स्वतःच्या छातीची लव उपटून केलेल्या गादीत, अंगठ्याएवढी, आंधळी आणि उघडी अशी पाच पिल्ले वळवळताना दिसली, तेव्हा जाईचा खंडू झाला.

खंडूला आम्ही तिसऱ्या दिवशी वेगळे केले आणि मोठीच खबरदारी घेतली अशा समाधानात राहिलो. परंतु सशाच्या मादीचे बीज गाईम्हशींप्रमाणे माजाच्या ठरलेल्या पाळीने सुटत नाही. ते समागमानंतर दहा-बारा तासांनी, जणू दरखास्त आल्यावरच, सुटते, आणि व्यायल्यानंतर काही तासांतच ती पुन्हा गाभण राहू शकते. आमची खबरदारी दोन दिवस उशिरा पोहोचली होती. बरोबर एकतिसाव्या दिवशी दुसरे वेत झाले, त्यात चार पिल्ले. या नऊ जिवांसाठी मी जितक्या दारांत जाऊन उभा राहिलो तितक्या दारांत गणेशोत्सवाच्या वर्गणीसाठीही कधी उभा राहिलो नव्हतो. आणि त्यांपैकी दोन पिल्ले ज्या घरी गेली त्या घरी ती आज आहेत की नाहीत हे विचारण्याचे धैर्य मला अद्याप झालेले नाही.

इटलीतील फिबोनाची याने १२०२ साली आपल्या अंकगणितावरील ग्रंथात सशांचेच कोडे घातले होते: भिंतींनी बंदिस्त अशा जागी एक जोडी ठेवली, दर महिन्याला प्रत्येक प्रौढ जोडीला एक नवी जोडी होत गेली, तर वर्षाअखेर किती जोड्या होतील? उत्तर ३७७. ज्या संख्यामालेतून हे उत्तर निघते ती आपल्याकडच्या छंदःशास्त्रज्ञांना लघु-गुरूंचे मात्राविन्यास मोजताना आधीच सापडलेली होती, आणि हेमचंद्राने ती फिबोनाचीच्या सुमारे पन्नास वर्षे अगोदर नोंदवून ठेवली, हे येथे अभिमानाने सांगण्याचा मोह मला आवरत नाही. परंतु गणित्याच्या त्या कोंडवाड्यात एकही ससा मरत नाही, एकही दुसऱ्याचा कान फाडत नाही, आणि बाप-लेक, बहीण-भाऊ यांचा कसलाच विधिनिषेध तेथे नसतो. ऑस्ट्रेलियात १८५९ साली टॉमस ऑस्टिन नामक जमीनदाराने शिकारीच्या हौसेने दोन डझनांच्या आसपास ससे सोडले आणि पुढे अर्ध्या शतकाच्या आत त्यांना अडविण्यासाठी त्या खंडावर शेकडो मैलांची कुंपणे घालण्याची पाळी आली. तेव्हा ‘एक जोडी आणू, छान खेळतील’ असे म्हणणाऱ्याने आपण कोणत्या प्राण्याविषयी बोलत आहोत याचा क्षणभर विचार केलेला बरा.

मग एकच आणावा, म्हणजे हा सर्व व्याप टळतो, असे कोणी म्हणेल. आणि आपल्याकडे बहुतेक लोक तेच म्हणतात व करतातही. येथे माझी तक्रार माणसांपेक्षा भाषेविषयी अधिक आहे. मराठीत ‘ससा’ हा एकच शब्द आपण दोन अगदी भिन्न प्राण्यांना लावतो. आपल्या माळावर, ज्वारीच्या धांड्यांतून, रात्रीच्या वेळी मोटारीच्या उजेडात कान टवकारून क्षणभर थबकणारा आणि लागलीच वळणे घेत पसार होणारा तो रानससा निराळा. तो बीळ खणीत नाही, गवतातल्या नुसत्या खळग्यात अंग टेकतो, बहुतांशी एकटाच वावरतो, आणि त्याची पिल्ले डोळे उघडे व अंगावर लव अशीच जन्मतात. (त्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, त्याला पकडून पाळणे हा गुन्हा होय.) पिंजऱ्यात पाळला जातो तो पांढरा, करडा, ठिपक्यांचा ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडच्या द्वीपकल्पाचा, तो जमिनीखाली बिळांची वसाहत करून राहणारा, घोळक्यात जगणारा, नात्यागोत्याचा प्राणी. दोघांची गुणसूत्रेही सारखी नाहीत, रानसशाची ४८ आणि याची ४४, त्यामुळे त्यांचा संकर होत नाही. चंद्राला शशांक म्हणणाऱ्या आपल्या पूर्वजांनी जो शश पाहिला तो पहिला. त्याचे एकलेपण त्याला शोभते. ते उचलून आपण दुसऱ्याच्या माथी मारले, आणि ‘सशाला काय, एकटा राहतो तो’ असा निवाडा देऊन त्याला गॅलरीतल्या दोन बाय तीन फुटांच्या पिंजऱ्यात कायमचा बसविला.

हा एकटा ससा मुका असल्यामुळे त्याची कैफियत कोणी ऐकत नाही. कुत्रा एकटा पडला तर इमारत डोक्यावर घेतो, मांजर तर शेजारच्या घरी सरळ बिऱ्हाडच करते. ससा मात्र पिंजऱ्याचे गज कुरतडतो, आणि तेही थांबले की नुसता बसून राहतो, ज्याला आपण ‘शांत प्राणी आहे हो’ असे म्हणतो. स्वित्झर्लंडमध्ये २००८ सालच्या प्राणिरक्षणाच्या नियमांनी गिनीपिग एकटा पाळण्यास मनाई केली, तेव्हा जगभरच्या वृत्तपत्रांनी त्या बातमीची गंमत केली. मला ती गंमत वाटत नाही. आपल्याकडे असा नियम करावा असेही माझे म्हणणे नाही, कारण त्याचा अंमल कोण करणार हे मला ठाऊक आहे. परंतु कळपात जगणारा प्राणी एकटा ठेवणे म्हणजे त्याला काहीतरी नाकारणे होय, एवढे तरी आपण कबूल करावे.

तेव्हा दोन ससे हवेत. आणि दोन हवेत म्हणजे शस्त्रक्रिया अपरिहार्य. येथवर अनेक सुजाण लोक माझ्याबरोबर येतात. काही मात्र अडतात, आणि ‘निसर्गाच्या कामात ढवळाढवळ कशाला’ असा आक्षेप घेतात. ज्या समाजात बैल बडविण्याची चाल हजारो वर्षे चालत आली, आणि ‘खच्ची’ हा शब्द ज्याच्या रोजच्या बोलण्यात आहे, त्या समाजाने सशापाशी येऊन निसर्गाची आठवण काढावी याचा मला अचंबा वाटतो. निसर्गात त्या मादीला पळून जायला रान असते, पिल्लांना खाणारे कोल्हे-ससाणे असतात. तुमच्या गॅलरीत यांपैकी काय आहे? शिवाय मादीच्या बाबतीत हा केवळ संततीचा प्रश्न नव्हे. शस्त्रक्रिया न झालेल्या माद्यांना उतारवयात गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे प्रमाण विलक्षण आहे. काही जातींच्या चार वर्षांवरील माद्यांत ते निम्म्याहून अधिक भरल्याचे जुन्या अभ्यासांत आढळलेले आहे. नर मूत्राचे फवारे मारून भिंती रंगवितो, मादी खोट्या गरोदरपणात पुनःपुन्हा आपली छाती उपटून घरटी बांधीत बसते, हे वेगळेच.

भीती वाटावी असे एक कारण मात्र खरे आहे, आणि ते झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. भूल देण्यातील धोका सशाला कुत्र्यामांजरांहून बराच जास्त असतो. ब्रिटनमध्ये झालेल्या व २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत भूल व गुंगी दिलेल्या कुत्र्यांत मृत्यूचे प्रमाण शेकडा ०.१७, मांजरांत ०.२४ आणि सशांत १.३९ असे निघाले. त्यातल्या निरोगी सशांपुरते पाहिले तरी ते पाऊण टक्क्याच्या जवळपास होते. यातून निघणारा बोध शस्त्रक्रिया टाळावी असा नसून डॉक्टर निवडून घ्यावा असा आहे. आम्ही ज्या पहिल्या दवाखान्यात गेलो तेथील डॉक्टर, सज्जन गृहस्थ, “आदल्या रात्रीपासून पोट रिकामे ठेवा” असे म्हणाले आणि दुसऱ्या रुग्णाकडे वळले. कुत्र्याच्या बाबतीत ही सूचना अगदी योग्य आहे, कारण भुलेत वांती होऊन ती श्वासनलिकेत जाण्याचे भय असते. सशाला वांती होतच नाही. उलट त्याचे आतडे गिरणीप्रमाणे सतत चालू राहिले तरच तो जगतो. बारा तास उपाशी राहिलेल्या सशाची पचनक्रिया मंदावून थांबू शकते आणि शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही ससा दगावू शकतो. तोंडावाटे दिलेल्या अमॉक्सिसिलिनचेही तसेच. माणसाला, कुत्र्याला रोज दिले जाणारे ते औषध सशाच्या आतड्यातील उपकारक जंतूंचा संहार करून त्याचा जीव घेऊ शकते. आम्ही तेथून उठलो, आणि चौकशी करीत करीत ज्या डॉक्टरीणबाईंपर्यंत पोहोचलो त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो “हा गवत किती खातो?” असा. मी तेथेच निश्चिंत झालो. खंडूची शस्त्रक्रिया सप्टेंबरअखेर झाली, आणि सायंकाळी शुद्धीवर येताच त्याने हरळीची जुडी ओढून घेतली. शेवंतीची, दुसऱ्या वेताची पिल्ले तुटल्यावर, डिसेंबरच्या मध्यास. मादीचे पोट उघडावे लागते, म्हणून तिला सावरायला अधिक दिवस लागले. वेदनाशामक औषधाचे थेंब पिचकारीने तिच्या गालफडात सोडताना ती माझ्याकडे ज्या नजरेने पाहत असे ती मी सहजी विसरणार नाही.

आणि आता काकूंच्या प्रश्नाकडे येतो.

शस्त्रक्रियेने पिल्लांचा प्रश्न सुटतो. तोही नराच्या बाबतीत त्याच दिवशी सुटत नाही, कारण आधीचे बीज शरीरात शिल्लक असल्याने चार ते सहा आठवडे तो पितृत्वास समर्थ राहू शकतो. रक्तातील उष्ण द्रव्ये, ज्यांना आपण आता सर्रास हार्मोन्स म्हणतो, ती ओसरायलाही तितकेच, कित्येकदा आठ आठवडेही, लागतात. पण ही सर्व द्रव्ये ओसरली तरी सशाच्या डोक्यातला जमिनीचा नकाशा ओसरत नाही. ऑस्ट्रेलियात रोमन मायकिटोविच या शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात याचा बारकाईने अभ्यास केला: सशाच्या हनुवटीखाली गंधग्रंथी असतात, त्या तो दगडाला, बुंध्याला, बिळाच्या तोंडाला, आपल्या माद्यांना व पिल्लांना घाशीत जातो, आणि ज्याचा दरारा अधिक त्याच्या ग्रंथी मोठ्या व त्याचे घासणेही अधिक. त्याच सुमारास, १९६४ साली, आर. एम. लॉक्ली यांचे वेल्समधील सशांच्या वसाहतींवरील पुस्तक निघाले. पुढे रिचर्ड ॲडम्स यांनी आपली ‘वॉटरशिप डाउन’ ही सशांची कादंबरी लिहिताना त्याचाच आधार घेतला. या मंडळींनी दाखवून दिलेली सृष्टी म्हणजे हद्दींची, मुद्रा उमटविण्याची, मानपानाची आणि कबजेवहिवाटीची सृष्टी आहे. तीत शिरणारा परका ससा हा पाहुणा नसतो, अतिक्रमण असते.

आमच्या घरात तर परिस्थिती आणखी नाजूक झाली होती. चारेक महिने एका ताटात जेवलेले हे दोघे चार महिने वेगळे राहिल्यावर एकमेकांस ओळखेनासे झाले होते. शस्त्रक्रियेनंतर अंगाला दवाखान्याचा वास, आणि स्वतःचा वास बदललेला. शेवंतीच्या लेखी खंडू नावाचा कोणी इसम पूर्वी होता हे दप्तरातून पुसले गेले होते. जानेवारीच्या आरंभी, तिच्या टाक्यांच्या जागी लव उगवलेली पाहून, मी जाळीचे दार उघडले. खंडू उत्साहाने तिच्या भागात शिरला, म्हणजे तिच्या दृष्टीने सरहद्द ओलांडून आला. शेवंतीचे कान मागे गेले, शेपटी ताठ वर आली, घशातून मी तोवर कधीही न ऐकलेला एक गुरगुराट निघाला, आणि पुढच्या क्षणी दोघांचे मिळून एक गरगर फिरणारे, लव उधळणारे चक्र झाले. ‘सशाचे काळीज’ हा वाक्प्रचार ज्या कोणी रूढ केला त्याने ही झुंज पाहिली नसावी. हाताला सापडले ते सूप घेऊन मी ते मध्ये घातले. नागडा हात घातला असता तर टाके मला पडले असते. तोवर शेवंतीचा कान फाटला होता आणि खंडूच्या पाठीवरून मूठभर लव गेली होती.

अशा प्रसंगी लोक विवाहाची उपमा देतात. बघण्याचा कार्यक्रम, पत्रिका, नांदणे, रुळणे असे विनोद आमच्याकडेही महिनाभर चालले. मला ती उपमा चुकीची वाटते, कारण विवाहात निदान एका पक्षाला दुसऱ्याच्या घरी जायचे असते हे गृहीत धरलेले असते. सशांच्या बाबतीत नेमके हेच गृहीत धरता येत नाही. याला खरी उपमा दोन संस्थानांच्या तहाची. वकील पाठवा, नजराण्यांची देवघेव करा, मग कोणाच्याच मुलखात नसलेल्या तिसऱ्या ठिकाणी छावणी घाला, आणि पहिल्या भेटीत कोणताही मोठा प्रश्न काढू नका.

वकिलातीचे काम वासाने केले. एक दिवसाआड दोघांच्या पिंजऱ्यांची अदलाबदल. याच्या अंगाखालचे गोणपाट तिच्याकडे, तिच्या तबकातील चार लेंड्या याच्याकडे. पहिल्या अदलाबदलीच्या दिवशी शेवंतीने खंडूच्या पिंजऱ्याचा प्रत्येक कोपरा हनुवटीने घासून काढला आणि भरीस भर म्हणून त्याच्या पाण्याच्या भांड्यात लेंड्या टाकल्या. आठव्या दिवशी ती त्याच गोणपाटावर पसरून झोपली. मधल्या जाळीला दोन्ही बाजूंनी जेवणाची भांडी टेकवून ठेवली, पण त्याआधी जाळी दुहेरी केली, कारण एकेरी जाळीतून नाके चावली जातात. फेब्रुवारीच्या आरंभी, तिची शस्त्रक्रिया होऊन सात आठवडे लोटल्यावर, छावणीसाठी काकूंनीच आपली पाहुण्यांची खोली दिली, जेथे दोघांपैकी कोणीही पूर्वी पाऊल टाकलेले नव्हते. गुळगुळीत फरशीवर सशाचे पाय घसरतात व तो घाबरतो, म्हणून सतरंजी अंथरली. दोन्ही तोंडे उघडी असलेले खोके ठेवले, कोणी कोंडीत सापडू नये म्हणून. मध्यभागी कोथिंबिरीची जुडी. सूप माझ्या मांडीवर तयार होतेच.

पहिल्या दिवशी दहा मिनिटे. खंडूने तिच्याभोवती फेऱ्या घातल्या, एकदा तिच्यावर चढण्याचा प्रयत्न केला. शस्त्रक्रियेनंतर हे कसे, असे काकूंना वाटले. परंतु सशांमध्ये चढणे हे वासनेइतकेच मानाचेही लक्षण आहे, त्यातून वडीलकी कोणाची ते ठरते, आणि क्षणभर ते चालू द्यावे लागते. मात्र नर तोंडाच्या बाजूने चढू लागला तर त्याला तत्काळ दूर करावे, कारण मादीने तशा वेळी त्याच्या नाजूक जागी घेतलेला चावा भयंकर असतो. दुसऱ्या दिवशी बारा मिनिटे. पाचव्या दिवशी चकमक झाली, सूप मध्ये पडले, तह मोडतो की काय असे वाटले, आणि आम्ही पुन्हा तीन दिवस नुसत्या पिंजऱ्यांच्या अदलाबदलीवर आलो. पाश्चात्त्य देशांत काही पाळणारे अशा वेळी दोघांना एका टोपलीत घालून मोटारीतून फिरवून आणतात. भयाने ते एकमेकांस बिलगतात आणि बिलगल्याने मैत्री होते, असा त्यांचा युक्तिवाद. भयाने बिलगणे आणि स्नेहाने जवळ येणे यांतला फरक ज्याला कळत नाही त्याने प्राणी पाळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हा उपाय मी केला नाही, करणारही नाही. कॅलिफोर्नियात १९८८ साली स्थापन झालेल्या हाउस रॅबिट सोसायटीने आणि तिच्यासारख्या संस्थांनी घरातल्या घरात ससा पाळण्याची जी रीत रूढ केली तिच्यातून मला पुष्कळ शिकायला मिळाले, परंतु जे पटत नाही ते पटत नाही.

एकोणिसाव्या भेटीपर्यंत विशेष काही घडले नाही, आणि खरे तर हे ‘काही न घडणे’ हीच प्रगती असते. दोघे दोन कोपऱ्यांत पाठमोरे बसून अंग चाटीत; एकमेकांची दखल न घेण्याइतका विश्वास आला होता. खंडू मधूनच तिच्याजवळ सरके, डोके जमिनीला टेकवी आणि ते हळूच तिच्या हनुवटीखाली घुसवी. सशांच्या शिष्टाचारात याचा अर्थ ‘माझे कपाळ चाटा’ अशी विनंती होतो. हे शरणागतीइतकेच हुकमतीचेही लक्षण असू शकते. शेवंती दर वेळी उठून जाई. एकोणिसाव्या भेटीत, संध्याकाळी दिवेलागणीला, त्याने असेच डोके टेकविले. ती उठली नाही. तिचे नाक एकदा भराभर हलले, थांबले, आणि मग तिने त्याच्या दोन डोळ्यांच्या मधोमध जीभ फिरविली. एकदा, मग पुन्हा, मग कानाच्या मुळापर्यंत. खंडू तसाच निश्चल राहिला, डोळे अर्धे मिटलेले, आणि थोड्या वेळाने, करवंटी कलंडावी तसा, एकदम कुशीवर कोसळला. भाची घाबरून ओरडली. निर्धास्त झालेला ससा असाच कोसळतो, हे तिला समजावण्याच्या मिषाने मी खिडकीकडे तोंड करून थोडा वेळ उभा राहिलो.

त्यानंतर वेळ वाढवीत नेला, आणि मार्चअखेर दोघांना एकत्र ठेवले. ते ठेवतानाही जुन्या पिंजऱ्यात न ठेवता, गॅलरी धुऊन काढून, सर्व सामान नवे मांडून, तीन मीटर लांब आणि दोन मीटर रुंद जागा त्यांना मोकळी करून दिली. ब्रिटनमधील ससेकल्याण संस्था एका जोडीसाठी किमान इतकीच जागा सांगते. आता नियम एकच: दोघांना कधीही अलग करायचे नाही. एकाला दवाखान्यात न्यायचे झाले तर दोघेही एकाच टोपलीतून जातात, कारण एका रात्रीच्या वियोगानेही वासाची ओळख पुसून सर्व कारभार पहिल्यापासून मांडावा लागू शकतो. आणि कधीतरी एक आधी जाईल, तेव्हा दुसऱ्याला ते कलेवर हुंगू द्यावे, घाईने उचलू नये, असे डॉक्टरीणबाईंनी आताच सांगून ठेवले आहे.

हे सर्व इतक्या तपशिलाने लिहिण्याचे कारण असे की पिल्लू विकत घेण्यास पाच मिनिटे लागतात आणि पुढचे कोणी सांगत नाही. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ साली केंद्र सरकारने नियम केले, राज्य प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची केली. ते ठीकच आहे. परंतु रस्त्याच्या कडेला टोपलीत पिल्ले घेऊन बसणारा माणूस ही नोंदणी कोठे करणार, आणि त्याला हटकणार कोण? म्हणून माझे मागणे सरकारकडे थोडे आणि वाचकांकडे अधिक आहे. आपल्या पशुवैद्यक महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या तरुण डॉक्टरांना सशाची भूल नीट शिकविली जावी. शहरात प्राण्यांचे इतके दवाखाने असता ‘सशाचे ऑपरेशन करता का’ या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी नकारच मिळतो, हा आमचा अनुभव. आणि जे येत्या मे महिन्यात मुलांच्या हट्टाला बळी पडण्याच्या बेतात आहेत त्यांनी बाजाराऐवजी आधी असा डॉक्टर गाठावा, त्याला तीन प्रश्न विचारावेत: आजवर किती सशांवर शस्त्रक्रिया केल्या, आदल्या रात्री उपाशी ठेवायला सांगता काय, आणि घरी देण्यासाठी वेदनाशामक कोणते देता. उत्तरे समाधानकारक नसतील तर ससा आणू नये. समाधानकारक असतील तरीही दोन शस्त्रक्रियांचा खर्च आणि नंतरचे दोन-तीन महिने आपल्यापाशी आहेत का, हे कॅलेंडर समोर ठेवून पाहावे. ज्यांच्या गॅलरीत आज एकटाच ससा बसलेला आहे त्यांनी त्याच्यासाठी जोडीदार शोधताना टोपलीवाल्याकडे न जाता, ज्यांना आपला ससा नकोसा झालेला आहे अशा घरांत चौकशी करावी. अशी घरे दुर्दैवाने पुष्कळ सापडतात.

आमच्याकडे मात्र विचारू नये. नऊही पिल्ले गेली आहेत, आणि दहावे होणार नाही.